किट शेड विकताना बर्फाचा नव्हे, वाऱ्याचा आकडा सांगा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

कोकण किनारपट्टीवर सुट्या भागांत येणाऱ्या तयार शेड, ज्यांना विक्रेते ‘किट शेड’ म्हणतात, त्या मागवण्याचे प्रमाण अलीकडे बरेच वाढले आहे. आंब्याचे खोके, मासेमारीची जाळी, होडीचे इंजिन, फवारणीचा पंप, गुरांची वैरण अशा गोष्टींना आडोसा लागतोच. त्यात चिरा, म्हणजे जांभा दगड, आणि लाकूड महागले, सुतार-गवंडी वेळेवर मिळेनासे झाले, आणि मोबाइलवर चित्र पाहून मागणी नोंदवली की थोड्याच दिवसांत पत्रे, कोन, नटबोल्ट आणि एक माहितीपत्रक अशी खोकी येऊन पडतात. या सोयीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती ही की, ही शेड ताशी किती वेगाच्या वाऱ्याला टिकेल आणि ती जमिनीला कशी जखडायची, हे न सांगताच ती समुद्रकाठच्या गिऱ्हाइकाला विकली जाते, आणि तसे विचारणारा माणूस विक्रेत्याला उगाच खुसपटे काढणारा वाटतो.

आमची माडा-पोफळींची वाडी मालवण तालुक्यात कालावल खाडीतल्या एका जुव्यावर, म्हणजे बेटावर आहे. तेथला जुना कौलारू मांगर, म्हणजे वाडीतले सामान ठेवायची खोपी, मे २०२१ मधील तौक्ते वादळात कोसळला. बेटावर काहीही बांधायचे तर चिरा, सिमेंट, वाळू, खडी सारे होडीने न्यावे लागते आणि वीस फुटी पत्रा होडीत आडवा घालून नेणे हा वारा पडल्याशिवाय करण्याचा उद्योग नव्हे. त्यामुळे चार-सहा फुटांच्या तुकड्यांत बांधून येणारी शेड आम्हांला साहजिकच सोयीची वाटली. निरनिराळ्या विक्रेत्यांकडून दरपत्रके मागवली. त्यांपैकी एका माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिले होते की, छपराची बर्फाचा भार पेलण्याची क्षमता प्रति चौरस मीटर १५० किलो आहे. वाऱ्याच्या रकान्यात मात्र आकड्याऐवजी ‘वादळातही भक्कम’ एवढेच शब्द होते. फोन करून विचारले, तर उत्तर आले, “साहेब, आमचा माल भारतभर जातो, आजवर कुणाची तक्रार नाही.” पायाचा आराखडा मागितला, तर म्हणाले, “कोब्यावर चार बोल्ट मारा, बास.”

बर्फाचा तो आकडा खोटा आहे, असे मी म्हणत नाही. जेथून हा नमुना उचलला असेल तेथे तो फार महत्त्वाचा असणार. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्स शहरात १७ जानेवारी २०२० रोजी एका दिवसात ७६ सेंटिमीटर बर्फ पडला, वाऱ्याचे झोत ताशी १२० किलोमीटरच्या पुढे गेले आणि घराघरांची दारे बर्फाने चिणली गेल्यामुळे मदतीला सैन्य बोलवावे लागले. अशा बेटावर शेड मागवणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो. बर्फ छपराला खाली दाबतो आणि वारा त्याच छपराला वर उचलतो. शिवाय सांगितलेला आकडा जमिनीवरच्या बर्फाचा आहे की छपरावरच्या, हेही त्याला विचारावे लागते. कारण उतरत्या छपरावर जमिनीइतका बर्फ साचत नाही, पण वाऱ्याने उडालेला बर्फ आडोशाच्या बाजूला ढीग करून छपराच्या एकाच पाख्यावर, म्हणजे उतारावर, सारा भार टाकू शकतो. त्याच वर्षी ३ जूनला आपल्याकडे निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि झोतांचा १२० किलोमीटरपर्यंत होता. म्हणजे वारा जवळपास तेवढाच. फरक होता तो बर्फाचा. आणि विक्रेते आपल्याला नेमका बर्फाचाच आकडा सांगतात.

‘एवढा भार पेलते, तर वाऱ्यालाही टिकेलच’ असा समज अनेकांचा होतो आणि विक्रेतेही तो होऊ देतात. प्रत्यक्षात या दोन बळांचा एकमेकांशी संबंध थोडाच आहे. वरून येणारा भार पत्र्यावरून आडव्या पट्ट्यांवर, तेथून खांबांवर आणि खांबांतून जमिनीत आपोआप उतरतो; बोल्ट थोडे ढिले असले तरी तेथे खपून जाते. वर ओढणारे बळ मात्र प्रत्येक जोडाची स्वतंत्र परीक्षा घेते. पत्र्याला धरणारा स्क्रू, पट्टीला खांबाशी बांधणारा बोल्ट, खांबाचा तळपत्रा आणि त्याखालचा पाया या साखळीत जो दुवा कच्चा असेल, तेथून शेड सुटते. अर्ध्या मिलीमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला जेमतेम चार किलो असते. तेवढ्याच जागेवर मंगलोरी कौलांचे वजन चाळीस किलोंच्या घरात जाते. कौले वाऱ्यात सरकतात, फुटतात, उडतातही, हे निसर्गच्या वेळी श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोली-मंडणगडपर्यंत सगळ्यांनी पाहिले. पण निदान त्यांना स्वतःचे वजन असते. पत्र्याला जो काही आधार असतो तो फक्त स्क्रूचा.

थोडे गणित येथे करावेच लागेल. भारतीय मानक ब्यूरोच्या आय. एस. ८७५ या मानकाचा तिसरा भाग वाऱ्याच्या भाराविषयी आहे आणि तो २०१५ मध्ये सुधारण्यात आला. (चौथा भाग बर्फाच्या भाराचा; तो काश्मीर-हिमाचलच्या उपयोगाचा.) तिसऱ्या भागात देशाच्या नकाशावर वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३३ मीटरपासून ५५ मीटरपर्यंत सहा टप्प्यांत दिला आहे. मुंबईसाठी तो ४४ आणि पुण्यासाठी ३९ धरलेला आहे. आपण हिशेबासाठी कमीतला कमी म्हणून ३९ धरू. म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. वाऱ्याचा दाब काढताना वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणतात, म्हणून वेग ताशी १०० वरून १२० झाला, तरी दाब जवळजवळ दीडपट होतो. सेकंदाला ३९ मीटर वेगाला हा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो वजनाइतका येतो. दहा बाय बारा फुटांच्या शेडचे छप्पर अकरा चौरस मीटरच्या आसपास असते. म्हणजे छपरावरची ओढ ढोबळमानाने हजार किलोंची झाली. उतार, कडा, कोपरे आणि समुद्राकडची मोकळी जागा यांचे गुणक लावले की ती कमी-जास्त होते, आणि कडांना व कोपऱ्यांना ती नेहमी जास्तच असते. अशा सबंध किटचे वजन शंभर-दीडशे किलोंच्या पुढे सहसा जात नाही. तेव्हा उरलेले सारे काम पायाने करायचे असते, आणि पायाबद्दल विक्रेता म्हणतो, “चार बोल्ट मारा.”

शेडचे दार ही याहून मोठी गोम आहे. दार वाऱ्याने उघडले किंवा निखळले की वारा आत भरतो आणि छपराला आतून वर रेटू लागतो. बाहेरून ओढ आणि आतून रेटा अशी दोन्ही बळे एकत्र आली, की छप्पर जाते. म्हणून अशा शेडच्या कडी-कोयंड्याकडे आणि बिजागऱ्यांकडे चोरापेक्षा वाऱ्याच्या भीतीने पाहायला हवे. मी पाहिलेल्या किटांत सरकते दार एका पातळ पन्हळीत अडकवलेले होते आणि खालच्या बाजूला त्याला काहीच आधार नव्हता.

आता पायाचे. आपल्याकडे जोते चिऱ्याचे असते. जांभा सच्छिद्र आणि मऊ असल्यामुळे त्यात भोक पाडून ठोकलेला फुगणारा बोल्ट सुरुवातीला घट्ट वाटतो, पण ओढ बसली की भोवतालचा दगड भुगा होऊन तो सुटतो. वर दोन इंचांचा कोबा असला, तर कोब्याचा पोपडाच बोल्टसह उचलला जातो. हिशेबात टिकणारा उपाय जुनाच आहे. खांबाखाली काँक्रीटचा ठोकळा भरायचा आणि त्यात ओल्या काँक्रीटमध्येच वाकडा बोल्ट गाडून ठेवायचा. काँक्रीटचे वजन घनमीटरला २,४०० किलो धरतात; त्या हिशेबाने दीड फूट लांब, रुंद आणि खोल असा एक ठोकळा सुमारे २३० किलोंचा होतो, आणि असे सहा ठोकळे मिळून दहा बाय बाराच्या शेडला हजार किलोंच्या ओढीपुढे थोडी शिल्लक राहते. या ठोकळ्यांसाठी खाडीतली खारी वाळू किंवा खारे पाणी वापरू नये, कारण त्यातला क्षार आतल्या सळीला आणि बोल्टला गंज चढवतो. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. तरी बेटावर होडीभाडे वाचवण्यासाठी नेमके हेच केले जाते. किटच्या जाहिरातीत ‘पायाची गरज नाही’ असे लिहिलेले असते, तेव्हा हा होडीभाड्याचा, गोड्या पाण्याचा आणि खडी-सिमेंटचा खर्च गिऱ्हाइकाच्या डोळ्यांआड केला जातो. अशी शेड स्वस्त पडते ती यामुळेच.

गंजाबद्दलही माहितीपत्रके अशीच मोघम असतात. ‘गॅल्व्हनाइज्ड’ हा शब्द सर्वत्र असतो. जस्ताचा थर चौरस मीटरला किती ग्रॅम, हे क्वचित लिहिलेले असते. तो १२० ग्रॅम असतो तसा २७५ ग्रॅमही असतो, आणि समुद्रकाठी या फरकाने शेडचे आयुष्य ठरते. आमच्या पलीकडच्या काठावर एका शेजाऱ्याची अशी शेड आहे. तिचे छप्पर वरून पाहिले तर अजून चकचकीत आहे. पण वळचणीखाली, जेथे पावसाचे पाणी पोहोचत नाही, तेथे पत्र्यावर पांढरी पूड धरली आहे आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्याभोवती तांबूस कडे उमटले आहे. स्क्रूखालची रबरी चकती बोटाने दाबली, तर तिचा चुरा होतो. उघड्या भागावरचे मीठ पावसाळा धुऊन काढतो. वळचणीखालचे मीठ वर्षभर तसेच राहते आणि हवेतला ओलावा धरून ठेवते. म्हणून अशा शेडला गंज लागला आहे का ते छपराकडे पाहून कळत नाही, वाकून खालून पाहावे लागते. पत्रा चांगला आणि स्क्रू हलका अशी जोडी तर किटमध्ये सर्रास येते, आणि वाऱ्यात ओढ बसते ती आधी स्क्रूवर.

वळचणीचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट आपल्याच बाजूने कबूल केली पाहिजे. कोकणात तीन-तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, म्हणून आपण वळचण लांब ठेवतो. भिंतीवर सर आली की चिरा भिजतो आणि आतले सामान बुरसते. वाऱ्याच्या दृष्टीने मात्र हीच लांब वळचण खालून वारा पकडते. त्याचप्रमाणे एकपाखी, जवळजवळ सपाट छप्पर स्वस्त पडते, पण त्यावरची ओढ सर्वांत जास्त. दोनपाखी बरे, आणि चौपाखी त्याहून बरे. किट बनवणाऱ्यांनी या दोन्ही गरजांचा मेळ घालणारा एखादा नमुना कोकणासाठी म्हणून काढला, तर त्याला गिऱ्हाईक कमी पडणार नाही. आज मिळणारे नमुने एक तर हिमप्रदेशाचे किंवा दिल्लीतल्या गच्चीवरचे.

आपल्याकडे वादळे क्वचितच येतात, मग एवढे कशाला, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान, ३ जून २०२० रोजी निसर्ग आणि पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. तौक्ते तर आपल्या किनाऱ्यावर चढलेही नाही. ते समुद्रातूनच गुजरातकडे गेले, तरी देवगड, मालवण, वेंगुर्ल्यात माड आडवे झाले आणि कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. आय. एस. ८७५ मध्ये महत्त्वाच्या इमारतींसाठी आणि कारखान्यांसाठी चक्रीवादळाचा जो जादा गुणक सांगितला आहे, तो पूर्व किनारा आणि गुजरातच्या किनाऱ्यासाठी आहे. कोकणाचे नाव त्यात नाही. त्यावर तज्ज्ञांनी पुन्हा विचार करावा, असे मला वाटते. आणि उडालेली शेड केवळ मालकाचे नुकसान करून थांबत नाही. सुटलेला पत्रा शेजारच्या घरावर, विजेच्या तारांवर किंवा रस्त्यावरच्या माणसावर जाऊन पडतो.

अमेरिकेत फ्लोरिडाला २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू चक्रीवादळाने झोडपले. त्यानंतर मायामी-डेड काउंटीत छपराचे साहित्य, दारे आणि खिडक्या यांची वाऱ्याच्या कसोटीवर चाचणी करून मंजुरी घेण्याची पद्धत कडक झाली आणि २००२ पासून सबंध राज्यासाठी एकच बांधकाम संहिता लागू झाली. तेथे गिऱ्हाईक वस्तूच्या मंजुरीचा कागद मागते आणि विक्रेता तो दाखवतो. आपल्याकडे कायदे नाहीत असे नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तू योग्य रीतीने कशी वापरावी याच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा न दिल्यामुळे हानी झाली, तर उत्पादकाला जबाबदार धरता येते. ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. पण वादळानंतर भांडण्यापेक्षा मागणी नोंदवतानाच विचारलेले बरे.

माझी मागणी थोडक्यात अशी आहे. किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक किट शेडच्या जाहिरातीत आणि देयकावर ती वाऱ्याच्या किती वेगासाठी आखली आहे, त्या वेगाला पाया कसा आणि केवढा हवा, आणि पत्रा व स्क्रू यांवर कोणता, किती ग्रॅमचा लेप आहे, हे मराठीत छापलेले असावे. विक्रेत्यांवर याची सक्ती करण्यात सरकारला वेळ लागेल. तोवर मालवण आणि रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनांनी किंवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने जांभ्याच्या जमिनीवर दहा बाय बारा फुटांच्या शेडचा पाया कसा घालावा, याचा एका पानाचा आराखडा काढून ग्रामपंचायतींत लावला, तरी शेकडो शेतकऱ्यांचे पैसे वाचतील. किनारा नियमन क्षेत्राच्या परवानगीचा विषय वेगळा आहे आणि येथे त्यात शिरत नाही. मात्र ‘तात्पुरती शेड आहे, परवानगी लागत नाही’ या विक्रेत्याच्या शब्दावर कोणी विसंबू नये.

विचारले तर आकडे मिळतात, असा माझा अनुभव आहे. बऱ्याच टोलवाटोलवीनंतर एका विक्रेत्याने इंजिनिअरच्या सहीचा हिशेब पाठवला. त्यात सेकंदाला ४४ मीटर वेग धरला होता, पायाचा नकाशा जोडला होता, कडेच्या पत्र्यांना स्क्रू दुप्पट दाट सांगितले होते. दर इतरांपेक्षा अर्थातच जास्त होता आणि माल कणकवलीच्या गोदामापर्यंतच येणार होता, पुढचा टेम्पो आणि होडी आमची. आम्ही तेथेच मागणी नोंदवली. खोकी होडीत चढवण्यापूर्वी गोदामातच उघडून नटबोल्टांची मोजणी करून घेतली, हे इतर बेटांवरच्या मंडळींनाही सुचवतो. खाडीच्या अलीकडे असताना एक पाकीट कमी निघाले तर ते मागवता येते, पलीकडे बेटावर गेल्यावर काम आठवडाभर अडते.

निसर्ग किंवा तौक्ते वादळात ज्यांची पत्र्याची शेड जागेवर राहिली, अशा वाचकांनी पाया केवढा खणला होता, बोल्ट कसे गाडले होते, छप्पर एकपाखी होते की दोनपाखी आणि पत्रा कोणत्या लेपाचा होता, हे या सदरात कळवावे, अशी विनंती आहे. आपणही शक्य झाल्यास अशी पत्रे एप्रिलपूर्वी छापावीत, कारण पायाचे काम त्यानंतर सुरू केले, तर काँक्रीटवर पाणी मारून ते पुरते मुरू देईपर्यंत मृगाचा पाऊस गाठतो.

आपला नम्र,
एक बागायतदार वाचक
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग